केडगावचे भाषांतर : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेतील शिस्त, हेतू आणि चिकाटी



पंडिता रमाबाईंचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेतच ऐकलेले असते. शारदा सदन, केडगावची मुक्ती आणि धर्मांतर एवढ्या तीन शब्दांत त्यांचे चरित्र सहसा आटोपते. त्यांतही धर्मांतराचा विषय निघाला की वाद असा पेटतो की पुढच्या चाळीस वर्षांकडे कोणी पाहतच नाही. इतिहासाचा एक शिक्षक म्हणून मला ही उणीव नेहमी जाणवत आली आहे. माणसाने कोणती श्रद्धा स्वीकारली हा एका दिवसाचा प्रश्न असतो. ती त्याने कशी आचरली हा आयुष्याचा प्रश्न असतो. म्हणून आज मी रमाबाईंच्या अखेरच्या सतरा-अठरा वर्षांतील एका कामाविषयी बोलणार आहे. हे काम म्हणजे त्यांनी केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत हा विषय मांडण्याचे एक विशेष कारण आहे. ज्या रमाबाईंनी मराठीसाठी एवढे श्रम केले, त्या महाराष्ट्रात वाढल्या नव्हत्या. 23 एप्रिल 1858 रोजी आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या अरण्यात, गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत राहिले. घरात मराठी, अध्ययनात संस्कृत आणि वाटेवर कानडी, हिंदुस्थानी व बंगाली, अशी ही जडणघडण होती. रमाबाई पुण्यात आल्या त्या 1882 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी. परप्रांतात राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना हा तपशील जवळचा वाटावा.

तोवर त्यांनी किती सोसले होते, ते थोडक्यात सांगतो. दुष्काळाच्या काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाध्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ श्रीनिवासही गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला. तेही 1882 च्या आरंभी पटकीने वारले. मागे उरली लहानगी मनोरमा. पुढच्याच वर्षी रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

येथे सामान्यतः असे गृहीत धरले जाते की रमाबाईंनी एक बंधन टाकून दुसरे पत्करले. त्यांचा पत्रव्यवहार मात्र निराळे चित्र दाखवितो. ज्यांच्या मठात त्या राहिल्या, त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी धर्मगुरूंच्या अधिकारावरून दीर्घ वाद घातला. आपल्या विवेकाला जे पटले नाही, ते केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, त्यांनाही त्यांची हरकत होती. आपल्या देशबांधवांना जी भाषा कळत नाही ती खूण म्हणून कशाला मिरवावी, संस्कृत अक्षरे असावीत, असे त्यांचे म्हणणे होते. श्रद्धा आपल्या माणसांच्या भाषेत बोलली पाहिजे, या आग्रहाचे बीज मला येथे दिसते.

आता शिस्तीचा विचार करू. शिस्त म्हणजे आज्ञापालन, अशी आपली शाळकरी समजूत असते. ज्या स्त्रीने शास्त्रीमंडळींपुढे मान तुकविली नाही आणि बिशपांपुढेही तुकविली नाही, तिला या अर्थाने शिस्तप्रिय म्हणता येणार नाही. त्यांची शिस्त स्वतःच पत्करलेल्या कामाला स्वतःला बांधून घेण्याची होती. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला पुढे अनेक वर्षांनी गवसला, अशा आशयाचे त्यांनी 1907 च्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे. बाप्तिस्मा हा त्यांच्या लेखी प्रवासाचा आरंभ होता.

या प्रवासात लोकक्षोभही वाट्याला आला. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. तेथील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाला, ही सामाजिक सुधारणेच्या इतिहासातील मोठी घटना होय. त्याच वर्षी सदनातील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील या भरवशावर ज्यांनी मदत केली होती, त्यांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. आपल्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी बंद करणार नाही, ही रमाबाईंची भूमिकाही समजून घ्यावी लागते. न्याय कोणाकडे होता हे ठरविण्यापेक्षा, एवढा आधार तुटल्यावर त्यांनी काय केले हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

त्यांनी काम वाढविले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार स्त्रिया व मुली घेऊन आल्या. पुण्यापासून रेल्वेने जाता येणाऱ्या केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. 1900 च्या दुष्काळात गुजरातेकडील मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दुग्धालय अशी कामे बायकांनीच चालविली. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकविले. 1912 मध्ये मायलेकींच्या प्रयत्नाने गुलबर्ग्यास, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, शाळाही निघाली.

या गर्दीतच 1905 च्या सुमारास रमाबाईंनी बायबलचे भाषांतर हाती घेतले. त्याच वर्षी मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट उसळली होती आणि तिची वार्ता परदेशापर्यंत गेली. अशा लाटा येतात आणि ओसरतात. भाषांतराचे काम मात्र लाट ओसरल्यावरही रोज सकाळी मेजावर वाट पाहत असते.

मराठी बायबल तेव्हा नव्हते असे नाही. विल्यम केरी यांनी श्रीरामपुराहून 1811 मध्येच नवा करार मराठीत आणला होता आणि पुढे संपूर्ण ग्रंथही झाला होता. मग पुन्हा हा खटाटोप कशासाठी? रमाबाईंच्या मते प्रचलित भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर होती आणि त्यातील अनेक शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थभार घेऊन आलेले होते. ‘मोक्ष’ किंवा ‘अवतार’ यांसारख्या शब्दाचाच विचार करा. तो कानी पडताच शतकांची एक संपूर्ण विचारपरंपरा मनात उभी राहते. ज्याला वेगळे काही सांगावयाचे आहे, त्याची येथेच अडचण होते. ही अडचण सर्वस्वी सुटणारी नव्हती. रमाबाईंच्या स्वतःच्या संस्थेचे ‘मुक्ती’ हे नावही त्याच परंपरेतले आहे.

पण त्यांचा मुख्य हेतू तात्त्विक नव्हता. त्यांच्यासमोर वाचक होती ती दुष्काळातून आलेली, वयाच्या विशी-पंचविशीत अक्षरे गिरवू लागलेली खेड्यातील बाई. तिला दुसऱ्याने अर्थ सांगावा लागू नये, हा हेतू. गंमत पाहा, 1882 मधील ‘स्त्रीधर्मनीति’ या रमाबाईंच्या पहिल्या मराठी पुस्तकाची भाषा चांगलीच संस्कृतप्रचुर होती. भागवताचे हजारो श्लोक ज्यांना मुखोद्गत होते, त्या पंडितेने उतारवयात आपले पांडित्य बाजूला ठेवून साधी मराठी लिहिण्याचा अभ्यास केला. मला स्वतःला त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत मोठा त्याग वाटतो.

सोपे लिहावयाचे, पण मुळाला सोडावयाचे नाही. इंग्रजीवरून भाषांतर करणे त्यांना सहज शक्य होते. ती वाट त्यांनी घेतली नाही. जुन्या करारासाठी हिब्रू आणि नव्यासाठी ग्रीक या मूळ भाषांच्या अभ्यासात त्यांनी स्वतःला गुंतवून घेतले. हिब्रूचे व्याकरणही मराठीतून तयार केले. तारुण्यापासूनच त्यांना कमी ऐकू येत असे. त्यामुळे इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षणाचा बेतही सोडावा लागला होता. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, दोन हजार माणसांचा संसार सांभाळून, एकूण 66 पुस्तके आणि सुमारे 31 हजार वचने मुळाशी ताडून लिहावयाची, हे चिकाटीचे काम होते. छपाईही केडगावलाच झाली. खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे मुक्तीतल्या स्त्रिया शिकल्या. ज्यांच्यासाठी ग्रंथ होता, त्यांच्याच हातांनी तो घडत गेला.

24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई वारल्या. संस्थेची धुरा जिच्यावर सोपवावयाची ती एकुलती एक मुलगी आईच्या आधी गेली. त्यानंतरही रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. शेवटची मुद्रिते पाहून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली आणि काम संपताच त्या गेल्या, असे मुक्तीच्या परंपरेत सांगितले जाते. मृत्यूची तारीख 5 एप्रिल 1922. संपूर्ण ग्रंथ प्रकाशित झाला तो 1924 मध्ये.

या श्रमांचे फळ काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर गोड नाही. रमाबाईंचे भाषांतर मराठी मंडळ्यांत सर्वमान्य झाले नाही. त्यांचे समकालीन रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी नेमका उलटा मार्ग धरला होता. संतांच्या अभंगवाणीतच त्यांनी ख्रिस्तभक्ती गाइली आणि त्यांची गीते आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. लोकांच्या ओठांवर टिळक राहिले. रमाबाईंचा ग्रंथ बव्हंशी अभ्यासकांच्या कपाटात राहिला.

तरीही मी आज त्यांचाच विषय निवडला, कारण चिकाटीची परीक्षा यशाने होत नाही. हेतू स्पष्ट असावा, त्या हेतूला लागणारे शिक्षण कोणत्याही वयात घ्यावे आणि काम पुरे होईपर्यंत मेज सोडू नये, एवढे त्यांनी केले. त्यांची श्रद्धा आपल्यापैकी पुष्कळांची नाही, आणि तिच्याशी सहमत होण्याची गरजही नाही. पण आपली श्रद्धा, मग ती देवावर असो, ज्ञानावर असो वा भाषेवर, रोजच्या कष्टांत उतरली आहे का, हा प्रश्न केडगावचे ते मेज आपल्या प्रत्येकाला विचारते. या शाळेतून बाहेर पडलेल्यांनी त्याचे उत्तर आपापल्या कामातून द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.