पाणी जोखताना

एखाद्याचे 'पाणी जोखणे' हा शब्दप्रयोग आपण माणसांविषयी सहज करतो. लोहाराच्या भट्टीतही हाच शब्द आहे. तापलेले पाते पाण्यात बुडवून त्यास कठीणपणा आणणे म्हणजे 'पाणी देणे'. ज्या पात्याचे पाणी उतरले, ते सरपणाच्याही कामाचे नाही.

गोंदिया जिल्ह्यातील देवरी हे छत्तीसगडच्या सीमेलगतचे, जंगलाच्या सान्निध्यातले गाव. येथील बाजारात आम्ही एक कोयता घेत होतो. विकणाऱ्या लोहाराने तो दगडावर हलकेच वाजवला. नाद स्वच्छ निघाला, म्हणजे आत तडा नाही. मग त्याने वाळल्या बांबूच्या पेरावर चार घाव घातले आणि धार उन्हात तिरपी धरून दाखवली. धार दुमडली असती तर पाणी कमी, खपली उडाली असती तर पाणी जास्त. बांबूच्या सालीत सिलिका असते, ती धार लवकर मारते. बुरुडकाम जिथे चालते तिथे याहून कठोर परीक्षक मिळणे अवघड.

कठीणपणा आणि चिवटपणा हे पोलादाचे दोन गुण सहसा एकमेकांच्या मुळावर येतात. नुसते पाणी दिलेले पाते कठीण होते, पण काचेसारखे फुटते. म्हणून लोहार ते पुन्हा मंद तापवतो आणि पात्यावर पिवळसर ते निळा असे सरकणारे रंग पाहून नेमक्या क्षणी थांबतो. प्रयोगशाळेत हे दोन गुण वेगवेगळे मोजण्याच्या रीती फार जुन्या नाहीत. ब्रिनेलची कठीणपणाची चाचणी 1900 ची, आणि शार्पी या फ्रेंच संशोधकाची आघाताची चाचणी 1901 ची. विदर्भातील लोखंड त्याहून कितीतरी प्राचीन. नागपूरजवळच्या नायकुंड येथील उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, तर माहूरझरीच्या शिळावर्तुळांतून कुऱ्हाडी आणि खंजीर मिळाले. मृताबरोबर पुरण्याइतके मोलाचे पाते कोणी पारखल्यावाचून घडवले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

ही परंपरा खंडित झाली ती गुणवत्तेअभावी नव्हे. मध्य प्रांतात धातुक दगडापासून लोखंड गाळणाऱ्या आगरियांविषयी व्हेरिअर एल्विन यांनी 1942 साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचा धंदा मोडकळीस आला होता. कारणे उघड होती: भट्टीवरील कर, कोळशासाठी लागणाऱ्या लाकडावर जंगल कायद्यांचे निर्बंध, आणि कारखान्यांचे स्वस्त लोखंड. त्याच प्रांतातील लोहखनिजावर भांडवलाचीही दृष्टी होती. चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजाविषयीचा अहवाल जमशेटजी टाटांनी 1882 साली वाचला. परंतु वरोऱ्याचा कोळसा त्या कामास अनुकूल ठरला नाही. देवरीच्या आग्नेयेकडील दल्ली-राजहराचे खनिज पुढे भिलाईच्या भट्ट्यांना मिळू लागले. तेथील पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली. डोंगर तेच राहिले, लोखंड गाळणारे हात बदलले.

आज गावोगावचे लोहार बहुधा मालमोटारींच्या जुन्या स्प्रिंगांच्या पाट्यांतून कोयते घडवतात. मुंबई-कोलकाता महामार्ग देवरीवरूनच जातो, त्यामुळे हा कच्चा माल दारातून धावत असतो असे म्हटले तरी चालेल. लोखंड गाळण्याची विद्या गेली; पाते पारखण्याची मात्र अजून शिल्लक आहे. ती कोणत्याही कागदपत्रात सापडणार नाही. लोहाराच्या डोळ्यांत आणि बांबू तोडणाऱ्याच्या मनगटात ती आहे, आणि तेवढ्याच आयुष्याची तिला खात्री आहे.

आमच्या इतिहासलेखनाने तलवारींची नावे जपली, त्यांचे धनी जपले. त्या तलवारींना पाणी देणाऱ्यांची नावे मात्र सहसा कोणी लिहून ठेवली नाहीत. निदान त्यांची परीक्षा कशी असे, हे तरी विचारून घ्यावे. सांगणारे अजून बाजारात बसलेले आहेत.