नायगाराच्या पाण्याची वांटणी

ईरी सरोवराचें पाणी ऑन्टेरिओ सरोवराकडे जातांना जेथें कड्यावरून कोसळतें, त्या नायगाराच्या धबधब्यावर दोन प्रकारच्या लोकांचा डोळा फार दिवसांचा आहे. एकास तें पाणी पडतांना पाहावयाचें असतें. दुसऱ्यास तें नळांतून यंत्रावर न्यावयाचें असतें. पाणी मात्र एकच.

प्रवासी आधीं आले. १८२५ सालीं ईरी कालवा खुला झाला, पुढें आगगाडी झाली, आणि नायगारा पाहणें हा अमेरिकेंतील सुखवस्तु कुटुंबांचा रिवाजच होऊन बसला. गर्दीबरोबर कांठच्या जमीनमालकांची हांवही वाढली. अमेरिकेच्या बाजूस कुंपणें उभीं राहिलीं आणि पैसे मोजल्यावांचून धबधबा दिसेनासा झाला. देवळाच्या दारांत बसून दर्शनाचा कर घेण्यासारखाच हा प्रकार. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड प्रभृतींनीं त्याविरुद्ध चळवळ केली, तेव्हां १८८५ मध्यें न्यूयॉर्क राज्यानें ती जागा विकत घेऊन सर्वांस फुकट खुली केली.

जमीन मोकळी झाली. पाणी झालें नव्हतें. १८९५ सालीं टेस्लाच्या पद्धतीचें मोठें वीजघर तेथें सुरू झालें, आणि १८९६ च्या नोव्हेंबरांत दूरच्या बफेलो शहरास वीज पोंचली. ती लांबवर नेतां येते हें सिद्ध होतांच कारखानदारांची मागणी वाढत चालली. कोळसा एकदां जळला कीं संपला. हें पाणी पावसाबरोबर पुन्हां भरून येणारें. परंतु वळविलेलें पाणी कड्यावरून पडत नाहीं, आणि त्याची किंमत पाहणारास द्यावी लागते. १९०६ चा अमेरिकन कायदा व १९०९ चा ब्रिटनशीं झालेला तह यांनीं पाणी वळविण्यास मर्यादा घातली. दुसऱ्या महायुद्धांत विजेच्या निकडीपुढें ती सैल करावी लागली.

अखेर १९५० सालीं अमेरिका व कॅनडा यांनीं नवा तह केला. नदीचा प्रवाह सेकंदास सरासरीनें सुमारें २ लक्ष घनफूट. पैकीं १ एप्रिलपासून १५ सप्टेंबरपर्यंत सकाळीं ८ पासून रात्रीं १० पर्यंत, आणि तेथून ३१ ऑक्टोबरपर्यंत रात्रीं ८ पर्यंत, निदान १ लक्ष घनफूट कड्यावरून सोडलेंच पाहिजे. इतर वेळीं, म्हणजे रात्रीं व सबंध हिंवाळाभर, ५० हजार पुरे. उरलेलें दोन्ही देशांनीं विजेसाठीं सारखें वांटून घ्यावें.

ऐकणारास नवल वाटेल, पण उन्हाळ्यांतील प्रवासी ज्यास निसर्गाचा अनिर्बंध आविष्कार समजतो, तो घड्याळ पाहून सोडलेला सुमारें निम्मा प्रवाह असतो! तें उणेपण दिसूं नये म्हणून नालाकृति धबधब्याच्या टोकांकडील तळ खोदण्यांत आला आणि वरच्या अंगास दरवाजांचा बांध घालण्यांत आला. त्यायोगें पाणी सर्व कडेवर पसरतें. यास फसवणूक म्हणणें अन्यायाचें होईल. पूर्वी कडा दरवर्षीं तीन फुटांहून अधिक झिजून मागें सरत असे. पाणी कमी झाल्यावर ती झीज बरीच मंदावली आहे.

१८४६ पासून प्रवाशांना तुषारांत नेणाऱ्या 'मेड ऑफ द मिस्ट' बोटींनाही पूर्वी तेल लागे. २०२० सालीं अमेरिकेच्या कांठावर विजेवर चालणाऱ्या दोन नव्या बोटी आल्या. त्यांचे विद्युत्संचय दोन फेऱ्यांमधील थोड्या वेळांत धक्क्यावरच भरले जातात, आणि ती वीज त्याच पाण्याची असते.