सिलोन लागत नाही

मिरजेत आमच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक सेट टेबलावर ठेवायचं आणि तक्रार बहुधा एकच सांगायचं : ‘सिलोन लागत नाही.’ पुणं लागत नाही म्हणून कुणी सेट उघडायला आणल्याचं मला आठवत नाही. व्हॉल्व्ह बदलून, बँड बदलायच्या खटक्याचे काळे पडलेले पत्रे स्पिरिटनं पुसून झाले, की वडील पंचवीस मीटरवर काटा आणायचे आणि केसभर इकडेतिकडे करायचे. स्टेशन नीट लागलं का ते दाखवणाऱ्या ‘मॅजिक आय’च्या हिरव्या उजेडातली फट मिटत यायची, खरखर मागं पडायची आणि गाणं वर यायचं. मग बिल. दिल्लीच्या बातम्या ऐकवून पैसे मागायची सोय नव्हती.

सिलोनचं, म्हणजे आजच्या श्रीलंकेचं, हे समुद्रापलीकडचं स्टेशन आमच्याकडे इतकं ठणठणीत यायचं ते युद्धाच्या कृपेनं. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडनं सैनिकांच्या करमणुकीसाठी सिलोनमध्ये लघुलहरींचं दणकट केंद्र उभारलं. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले, यंत्रं सिलोन सरकारकडे राहिली. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो मैल लांब उतरतात. इकडे १९४७ साली भारताच्या वाट्याला आकाशवाणीची केंद्रं आली होती सहा. पुढे कोलंबो योजनेतून आलेल्या क्लिफर्ड डॉड या ऑस्ट्रेलियन गृहस्थानं रेडिओ सिलोनचा व्यापारी विभाग जाहिरातींच्या पैशावर उभा केला.

श्रोते मात्र रेडिओ सिलोनला आयते मिळवून दिले आपल्याच एका पुणेकरानं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले. सिनेमाच्या गाण्यांनी देशाचा कान बिघडतो, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवर गाणी गाळून घेतली जाऊ लागली. चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही बंद. निर्मात्यांचं आणि सरकारचं बिनसलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोलंबोहून सिनेमाच्या गाण्यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता.

गंमत अशी, की हे ‘सिलोन’ पुष्कळसं मुंबईतच शिजायचं. डॅन मोलिना नावाच्या अमेरिकनानं मुंबईत जाहिरातींच्या कार्यक्रमांची कंपनी काढली होती. ‘गीतमाले’चे निवेदक अमीन सायानी मुंबईत बोलायचे, फिती विमानानं कोलंबोला जायच्या आणि तिथून लहरींवर बसून पुन्हा मुंबईत, मिरजेत, झुमरीतलैयात उतरायच्या. खर्च बिनाका टूथपेस्टवाल्यांचा. सुरुवातीला सायानींना आठवड्याचे पंचवीस रुपये मिळत, आणि पत्रं मात्र हजारांनी येत. आधी सात गाण्यांचा क्रम श्रोत्यांनी लावायचा होता. पत्रांचा ढीग आवरेना, तेव्हा रेकॉर्डच्या खपावरून आणि श्रोत्यांच्या पसंतीवरून गाण्यांना पायऱ्या देणं सुरू झालं. कोणतं गाणं वर चढलं यावरून आमच्या दुकानाच्या फळीवर भांडणं व्हायची. सतारमेकर गल्लीतले, तंबोऱ्याच्या भोपळ्याला लाख लावणारे कारागीरही त्यात असायचे. केसकरांनी हे पाहायला हवं होतं : सकाळी रागदारीची वाद्यं घडवणारा माणूस रात्री सिनेमाच्या संगीतकार शंकर-जयकिशनसाठी हमरीतुमरीवर येत असे, आणि त्याचा कान कुठंही बिघडलेला नसे.

तरी केसकरांना नुसतं हसून सोडणं बरं नव्हे. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, आकाशवाणी संगीत संमेलन त्यांच्याच काळातलं. कितीतरी गवयांची चूल या केंद्रांवर पेटली. चुकलं ते एवढंच, की आपण वाजवलं नाही तर लोक ऐकणार नाहीत, असा त्यांनी हिशेब केला. काटा फिरवायला सरकारी परवानगी लागत नाही. आणि मौज म्हणजे रेडिओच्या परवान्याचे पैसे पोस्टात भरून, शिक्के मारून घेऊन लोक कोलंबो ऐकत होते.

सरकारला ते कळलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीची विविध भारती सुरू झाली, कवी पंडित नरेंद्र शर्मांच्या हाताखाली, आणि ती चांगलीच निघाली. तरी जाहिरात घ्यायला दिल्लीनं आणखी दहा वर्षं लावली. १९६७ साली विविध भारतीवर जाहिराती लागल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूरपासून. मग ट्रान्झिस्टर आले, खरखर नको झाली आणि आमच्या टेबलावरची तक्रारही बदलली. ‘गीतमाला’ स्वतः विविध भारतीवर आली १९८९ साली. ज्या कार्यक्रमाला घर द्यायचं नाकारलं, त्याला ते ३७ वर्षांनी मिळालं. तोवर घराघरांत टीव्ही शिरला होता.