पूर्वजांचा शोध आणि रक्ताची साक्ष

लाळेच्या नमुन्यावरून पूर्वज शोधण्याची सोय झाल्यापासून 'आपण मूळचे कोण?' हा प्रश्न आपल्या तरुणांत पुन्हा विचारला जात आहे. या प्रश्नास इतिहास आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावली. तशाच मापांची आकडेवारी तपासून बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात सिद्ध केले की, ब्राह्मण व अस्पृश्य भिन्न वंशांचे नव्हेत. तत्पूर्वी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, बहिर्विवाही समाजावर अंतर्विवाहाचे बंधन लादले गेल्याने जात निर्माण झाली, असे त्यांनी प्रतिपादिले होते.

२०१३ मध्ये हैदराबाद व हार्वर्ड येथील संशोधकांनी ७३ समूहांची जनुके अभ्यासली. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी येथे लोकसमूहांचे मोठे मिश्रण झाले व त्यानंतर अंतर्विवाह रूढ झाला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आधी मिश्रण, मग बंधन, हा क्रम बाबासाहेबांच्या प्रतिपादनाशी जुळतो.

मग घराण्याचा शोध व्यर्थ काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांच्या वंशावळी कोणी लिहिल्या नाहीत, त्यांच्या पूर्वजांची नावे पलटणीच्या दप्तरांत, वतनाच्या कागदांत, शाळेच्या दाखल्यांत शोधावी लागतात. कोरेगावच्या स्तंभावरील 'नाक' प्रत्ययाची नावे अशीच लिखित साक्ष होत. ती अवश्य शोधावीत. मात्र कुळाचा अहंकार मिरविण्यासाठी नव्हे. माणसामाणसांत जन्माने जातिभेद नाही, हे तथागतांनी वासेट्ठ सुत्तात सांगितलेच आहे.