भांडी वाजली, की जमीन हलली?



महालात राहणाऱ्या आम्हाला घर हादरण्याची सवयच आहे. रस्त्यावरून ट्रक गेला, की फळीवरची भांडी वाजतात. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तो नागपुरातही जाणवला. तो मोठा होता, म्हणून कळला. बारीक धक्के मात्र शहराच्या गोंगाटात हरवतात.

यंत्रांचीही हीच अडचण, आणि ती जुनी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेचं पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्याचं काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावं लागलं. भूकंपमापक यंत्रालाही वर्दळ चालत नाही. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला. त्याच परिसरात पुढे शास्त्रज्ञांनी खडकात किलोमीटरभराहून खोल भोकं पाडून यंत्रं उतरवली. तिथे वरचा आवाज फारसा पोचत नाही.

शहरात बसवलेल्या यंत्राला मग ट्रक आणि भूकंप वेगळे कसे कळतात? ट्रकचा हादरा जवळच्या एकाच यंत्राला लागतो. भूकंपाच्या लहरी दूरदूरच्या अनेक यंत्रांवर क्रमाने पोचतात; आधी वेगवान लहर, मागून संथ लहर. दोन्हींमधल्या वेळेवरून अंतर काढतात. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, तेव्हा जगभर जमिनीची ही थरथर कमी झाली. काही ठिकाणी तर ती निम्म्यावर आली आणि एरवी दबणारे धक्के दिसू लागले.

इतक्या बारीक धक्क्यांची चिंता कशाला, असं कोणी विचारेल. किल्लारी आठवा. १९९२ मध्येच तिथे लहान धक्के बसले होते. जवळपास पुरेशी यंत्रं नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन आटोपून गावं झोपलेली असताना, दगडमातीची घरं कोसळली आणि हजारो माणसं गेली. लहान धक्के मोठ्याची तारीख सांगत नाहीत, हे खरं. पण जमीन कुठे तणावाखाली आहे, ते दाखवतात. घरं तिथे आधी मजबूत करता येतात.

मे २०२४ मध्ये आपल्या नागपूर जिल्ह्यातही तीनहून कमी तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. खाणीतल्या सुरुंगांचा तो परिणाम असावा, असंही बोललं गेलं. अशी शंका यंत्रांच्या नोंदींवरूनच फिटते.

म्हणून आम्ही महालातल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी एवढं ठरवलंय: भिंतीला नवी भेग दिसली, तर तिच्यावर नुसता चुना फिरवायचा नाही. आणि भांडी वाजली, तर आधी रस्त्याकडे बघायचं. ट्रक नसेल, तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायची.