भ्रमाचा भोपळा

२०२४ साली एक गंमत झाली. नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, ३१ ऑक्टोबरला. पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी कोकणातल्या अंगणांत, तुळशीवृंदावनापुढे, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांच्या पायरीवर कोरलेल्या भोपळ्यात दिवा लागला. कारीट काय आणि भोपळा काय, दोन्ही एकाच कुळातली वेलफळं. एकाला आपण नरकासुर मानून चिरडतो, दुसऱ्याला डोळे, नाक, दात काढून दाराशी राखणीला बसवतात. काम मात्र दोघांचं एकच. थंडीच्या तोंडावर, रात्री मोठ्या होऊ लागल्या की, जे काही अभद्र असेल ते उंबऱ्याबाहेर ठेवायचं.

हॅलोविन म्हणजे मुळात 'सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ'. पश्चिमेकडच्या चर्चने नवव्या शतकापर्यंत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून पक्का केला. पण त्याच सुमाराला आयर्लंड-स्कॉटलंडातल्या केल्टिक लोकांचा 'सॉविन' नावाचा जुना सण होता. सुगी संपली, गुरं रानातून खाली आणली, आता हिवाळा सुरू, असा तो दिवस. त्या रात्री जिवंतांचं जग आणि मेलेल्यांचं जग यांच्यामधला पडदा विरळ होतो, अशी समजूत होती. आपल्याकडे सर्वपित्रीला पितर येतात, तसंच काहीसं.

या रात्री भुतांना दूर ठेवण्यासाठी आयरिश शेतकरी जो दिवा करायचा तो भोपळ्याचा नव्हता, सलगमचा होता. सलगम म्हणजे आपल्या नवलकोलासारखा दिसणारा कंद. तो कोरणं जिकिरीचं काम. आतला कठीण गर खरवडून काढायचा, दोन डोळे आणि वेडेवाकडे दात पाडायचे आणि आत निखारा किंवा मेणबत्तीचा तुकडा ठेवायचा. डॉनिगॉल भागातल्या अशा एका सलगमची प्लास्टरची प्रतिकृती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते सुरकुतलेलं तोंड आजच्या हसऱ्या भोपळ्यापेक्षा कितीतरी भेसूर दिसतं. ज्याने ते कोरलं त्याला खरोखरच भीती वाटत असावी.

१८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडात बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला आणि लाखो लोक अमेरिकेला गेले. सण त्यांच्याबरोबर गेला. तिथे त्यांना भोपळा भेटला. मोठा, मऊ सालीचा, आतून बराचसा पोकळ. देठाभोवती तिरका काप देऊन झाकण काढायचं. काप सरळ दिला तर झाकण आत पडतं. मग बिया आणि तंतू काढायचे, सुरीने तोंड कोरायचं, आत मेणबत्ती ठेवायची. सलगमवर अर्धा दिवस जायचा, ते काम तासाभरात मुलांनाही जमू लागलं. भीतीची वस्तू खेळण्याची वस्तू झाली, त्यात भोपळ्याच्या मऊ सालीचाही वाटा आहे.

हा भोपळा आपल्याकडेही पाहुणाच. कुठे तांबडा भोपळा, कुठे डांगर म्हणून आपण ज्याची भाजी, भरीत, घारगे करतो, त्याचं कूळ मूळचं अमेरिकेचं. कोलंबसानंतर तो जगभर पसरला. आपला त्याहून जुना सोबती म्हणजे कोहळा आणि दुधी-कडू भोपळा. कडू भोपळा वाळवून, आतलं काढून टाकून त्याचा गोसाव्याचा तुंबा झाला, मिरजेच्या कारागिरांच्या हाती तंबोरा झाला आणि पाठीला बांधला की पोहायला शिकणाऱ्या पोराचा आधार झाला. आपल्या गोष्टीतली म्हातारीसुद्धा लेकीच्या घरून परतताना पोकळ भोपळ्यात बसते आणि वाघ-कोल्ह्यांच्या तोंडून सुटते. भोपळा कोरला की आतला जीव वाचतो, हे मराठी मुलांना हॅलोविनचं नाव ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

कोहळ्याचं काम थोडं गंभीर. नव्या घराच्या दारावर तो टांगायचा, वास्तुशांतीत त्याला मान. पशूच्या बळीऐवजी कोहळा कापण्याची चाल तर फार जुनी. म्हणून अजूनही काही घरांत बाई अख्खा कोहळा पहिल्यांदा चिरत नाही. आधी पुरुषमाणसाने सुरी लावायची, मग पुढचं. आणि शेतात? तिथे बुजगावणं आहे. दोन काठ्यांची फुली, फाटका सदरा आणि डोक्याच्या जागी काळं मडकं, त्यावर चुन्याने काढलेले बटबटीत डोळे. आयरिश शेतकऱ्याचं सलगम आणि आपल्या शेतकऱ्याचं मडकं शेजारी ठेवली तर सख्खी भावंडं वाटतील.

या सगळ्या वस्तू घरी केलेल्या आहेत, बाजारातून आणलेल्या नाहीत. दिवाळीचा आकाशकंदील आठवा. बांबूच्या कामट्या, घोटीव कागद, गव्हाच्या पिठाची खळ आणि खाली झिरमिळ्या. मुलांचा किल्ला आठवा. दगड-विटा, वर पोत्याचं तरटं, त्यावर चिखल आणि हिरवळीसाठी पेरलेले अळीव. महाड-पोलादपूरच्या मुलांचं यात भाग्य थोर. त्यांना रायगड चित्रात पाहून करावा लागत नाही. जिथे १६७४ साली शिवराज्याभिषेक झाला तो रायगड महाड तालुक्यातच आहे आणि तानाजी मालुसऱ्यांची समाधी पोलादपूरच्या उमरठला. अमेरिकेत हीच हौस कागदाने भागवली. डेनिसन नावाच्या कागदाच्या कंपनीने १९०९ साली 'बोगी बुक' म्हणून एक पुस्तिका काढली. बोगी म्हणजे बागुलबुवा. क्रेप कागदातून वटवाघळं, मांजरं, चेटकिणी कशा कापायच्या, टोप्या आणि तोरणं कशी करायची, हे त्यात दाखवलेलं असे. पुढे १९२०च्या दशकात या पुस्तिका घरोघरी गेल्या. बागुलबुवा कात्री आणि खळीच्या ताब्यात आला.

आता घरी केलेल्या बागुलबुवाचा एक गुण पाहा. करणाऱ्याला तो खोटा आहे हे ठाऊक असतं. मडक्यावर डोळे ज्याने काढले तो त्या डोळ्यांना भीत नाही. भितात ती पाखरं. मुलाच्या हातात सुरी देऊन भोपळ्याला दात पाडायला सांगितलं की अंधाराची भीती त्याच्या हातून निघून जाते. म्हणून हे खेळ चांगले. पण याला दुसरी बाजू आहे. बागुलबुवा खोटा आहे हे विसरून, किंवा माहीत असूनही, तो जिवंत माणसावर चढवला तर काय होतं?

पुन्हा १९२०चंच दशक घ्या. ज्या अमेरिकेत मुलं कागदाची भुतं कापत होती, त्याच अमेरिकेत पांढरे झगे आणि टोकदार टोप्या घालून मोठी माणसं रात्री मशाली घेऊन निघत. कु क्लक्स क्लॅन हे त्यांचं नाव. कृष्णवर्णीय माणसांना घाबरवणं, मारणं हा त्यांचा उद्योग. कापड, टोपी, उजेड, सामान सगळं तेच, पण खेळ नव्हता. आणि त्याच दशकात आपल्या महाडात काय घडलं?

चवदार तळं हे गावातलं सार्वजनिक तळं. त्यावर मुसलमान, ख्रिस्ती पाणी भरत, गुरंढोरं पाणी पीत. अस्पृश्य म्हटलेल्या माणसाला मात्र तिथे ओंजळ भरायची मनाई. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावावरून मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर दार उघडलं, पण आत जायची कोणाची छाती होईना. शेवटी १९ आणि २० मार्च १९२७ या दिवशी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती जमवली. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे ही सवर्ण मंडळीही बरोबर होती. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले, पाणी ओंजळीत घेतलं आणि प्यायले. त्यांच्यामागून हजारो लोक प्यायले.

पुढे जे झालं ते एका अफवेने. गावात कोणी उठवलं की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा बेत कोणाचाच नव्हता. पण बुजगावणं उभं राहिलं आणि त्याला घाबरून, किंवा घाबरल्याचं निमित्त करून, जमाव लाठ्या घेऊन धावला. परिषदेला आलेली माणसं परतीच्या तयारीत होती, काही जेवत होती. पुष्कळ जण जखमी झाले. संख्येने जास्त असूनही बाबासाहेबांनी आपल्या लोकांना हात उचलू दिला नाही.

मग तळ्याची 'शुद्धी' झाली. एकशे आठ घागरींचा विधी, पंचगव्य, मंत्र. मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. कारीट, कोहळा, लिंबू-मिरची, गोमूत्र, हे सगळं आपल्या घरांत अभद्र बाहेर ठेवण्यासाठी आलेलं सामान. ते भुताखेतांविरुद्ध आहे तोवर त्याला हसता येतं, त्याचं कौतुकही करता येतं. पण महाडला त्या सामानाचं तोंड माणसांकडे फिरवलं गेलं. उन्हातून चालत आलेल्या, तहानलेल्या माणसांनाच भूत ठरवलं गेलं. सण तोच, सामान तेच, फक्त उंबऱ्याबाहेर कोण, हे बदललं. सगळा अन्याय त्या एका बदलात आहे.

त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला जागा कोणी देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबर १९२७ ला तिथे मनुस्मृतीचं दहन झालं. पण बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखला, तळ्याला हात लावला नाही. मग दावा चालला, जवळजवळ दहा वर्षं. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. विरोधकांचा आधार काय होता? अनादिकालापासूनची चाल. न्यायालय म्हणालं, अशी अनादिकालाची चाल तुम्ही सिद्ध करू शकलेला नाहीत.

मराठीत 'भ्रमाचा भोपळा फुटला' म्हणतात ना, तो इथे फुटला. ज्या रूढीच्या नावाने माणसांची डोकी फोडली, तिचा वयाचा दाखलासुद्धा मिळाला नाही. भोपळा बाहेरून केवढा मोठा! आत पाहावं तर पोकळ.

यावर कोणी म्हणेल, जुनं सगळं टाकून द्यायचं का? नाही. उलट आपल्या सणाकडे नीट पाहावं. दिवाळीत दोन असुर आहेत. चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचं कारीट पायाखाली फोडतो आणि दोनच दिवसांनी पाडव्याला बळीची आठवण काढतो. 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' असं ओवाळताना घरातली बाई म्हणते. बळीही असुरच. म्हणजे असुर म्हटला की तो वाईटच, असा नेम आपल्या सणातच नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हेच सूत्र धरलं. ज्याला कथेत पाताळात घातलं, तो कष्टकऱ्यांचा न्यायी राजा होता, असं त्यांनी मांडलं. बायाबापड्यांनी ओवाळणीत जपून ठेवलेलं वाक्य त्यांनी पुरावा म्हणून वाचलं. कोणाला राक्षस म्हणायचं हे ठरवणारा कोण, हा प्रश्न फुल्यांनी पुस्तकात विचारला. चोपन्न वर्षांनी महाडच्या पायऱ्यांवर लोकांनी तो आपल्या पायांनी चालून विचारला.

परदेशातली आपली मुलं भोपळा कोरतात म्हणून इथे कोणी नाक मुरडतं, कोणी इथल्या सोसायट्यांत हॅलोविन आलं म्हणून संस्कृती बुडाली म्हणतं. मला त्यात बुडण्यासारखं काही दिसत नाही. कोरायचा भोपळा पाणचट असतो, त्याचे घारगे बरे होत नाहीत, एवढीच खरी तक्रार. मुलांनी आकाशकंदीलही करावा, किल्लाही करावा आणि वाटलं तर भोपळ्याला दातही पाडावेत. फक्त करता करता त्यांना एवढं सांगावं की भूत आपण केलेलं आहे, आणि आपण केलेलं भूत दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवायचं नसतं.

कोरलेला भोपळा आठ-दहा दिवसांत बसतो, तोंड आत जातं, बुरशी धरते आणि मग तो टाकून देतात. कारीट तर क्षणात संपतं. भीती अशीच असावी, सणापुरती. महाडला तळ्याच्या पायऱ्यांवर आजही २० मार्चला दूरदूरहून माणसं येतात. लेकराला कडेवर घेऊन बाया पायऱ्या उतरतात, पाणी हातात घेतात. ते पाणी पूर्वीही शुद्धच होतं.