काचेतील समुद्र आणि त्यावरचा फेस

गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत उकळू लागला म्हणजे त्यावर काळपट फेस जमतो. त्याला मळी म्हणतात. गुळव्या ती मळी सारखी काढून टाकीत राहतो. त्यात हयगय झाली, तर गुळाचा रंग आणि प्रत दोन्ही बिघडतात. द्रवातील घाण फेसाबरोबर वर येते आणि फेस काढला की तीही जाते, हा अनुभव आपल्याकडील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. समुद्राचे पाणी घरातल्या काचेच्या पेटीत निर्मळ राखू पाहणाऱ्या युरोपातील छांदिष्टांना मात्र या साध्या गोष्टीचा उपयोग करून घेण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

या छंदाचा आरंभ एका स्त्रीपासून झाला. १८४६ साली ॲना थिन या बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी गेल्या असता तेथील खडकांवरच्या जिवंत पोवळ्यांनी त्यांना मोह घातला. त्यांचे पती लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथे धर्माधिकारी होते. पोवळी लंडनला न्यावयाची कशी? बाईंनी सुईदोऱ्याने ती एका मोठ्या स्पंजाला शिवली आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीतून घरी आणली. खरी अडचण पुढेच होती. लंडनमध्ये समुद्राचे पाणी मिळणार कोठून? आणलेले पाणी पुरवून पुरवून वापरणे प्राप्त होते. म्हणून त्यांची दासी दररोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपुढे उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. त्यामुळे पाण्यात हवा मिसळे व पोवळी तगून राहत. छंद बाईसाहेबांचा, हात दासीचे! पुढे बाईंनी त्या पाण्यात समुद्रशेवाळ सोडले आणि हे कष्ट पुष्कळसे हलके झाले.

याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून त्यांचा परस्परांशी मेळ कसा बसतो ते दाखविले व १८५० साली आपला प्रयोग विद्वानांपुढे मांडला. काचेवरील कर १८४५ साली उठल्याने काच स्वस्त झालीच होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी समुद्रजीव जमविण्याच्या कामी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचे मोठे साहाय्य झाले. पुढल्याच वर्षी गॉसचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि इंग्लंडात घरोघरी काचेचे समुद्र दिसू लागले.

या वेडाचा परिणाम गॉसला पाहावा लागला. ज्या खडकांच्या डबक्यांची त्याने रसाळ वर्णने केली होती, ती त्याच्याच वाचकांनी ओरबाडून रिकामी केली. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात हे दुःख नोंदविले आहे. भारतात प्रवाळखडक रचणारी पोवळी व समुद्रपंखे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली आणि ती समुद्रातून काढणे हा गुन्हा ठरला, तो नियम कडक वाटणाऱ्या छांदिष्टाने गॉसची ही कहाणी ध्यानी घ्यावी.

घरोघरीच्या त्या समुद्रांची गत काय झाली, हे सांगावयास नको. पाणी गढुळले, घाण सुटली, जीव मेले. अन्नाचे कण, मलमूत्र, मेलेल्या जीवांचे अवशेष ही सर्व प्रथिनयुक्त द्रव्ये पाण्यात कुजतात आणि त्यांपासून अमोनिया हे विष तयार होते. सूक्ष्म जंतू त्या अमोनियाचे क्रमाक्रमाने नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, हे विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने स्पष्ट केले ते १८९०च्या सुमारास. त्यापूर्वीच्या लोकांना केवळ अनुभवावर विसंबावे लागे. अशा अनुभवी माणसांत विल्यम आल्फर्ड लॉइड अग्रगण्य. धंद्याने हा पुस्तकबांधणी करणारा. पुढे मत्स्यालयांच्या सामानाचा व्यापारी झाला. हॅम्बुर्गचे व नंतर १८७१ साली उघडलेले लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय त्याच्या देखरेखीखाली उभे राहिले. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद त्याने खाली अंधारात बांधला आणि तेच पाणी अहोरात्र वर-खाली खेळते ठेवले. पाणी बदलावयाचे नाही, फिरवावयाचे, हा त्याचा बाणा होता. त्याची पद्धत शास्त्रशुद्ध होती यात शंका नाही. पण एवढा हौद घरात कोण बांधणार?

ज्यांच्या दाराशीच समुद्र, त्यांना ही चिंता कमी. नेपल्सचे मत्स्यालय, मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ साली उघडलेले मत्स्यालय, किंवा १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय, ही सारी समुद्राकाठची. जकार्ताच्या ली चिन एंग याने १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत वर्णिली, तीत जिवंत जीवजंतूंनी भरलेले समुद्रातील खडक, ऊन आणि हवेचे थोडेसे बुडबुडे याखेरीज काहीच नव्हते. परंतु नागपूरच्या किंवा दिल्लीच्या छांदिष्टाला खारे पाणीसुद्धा विकतच्या क्षारांपासून घरी बनवावे लागते. ते वारंवार फेकून देणे त्याला परवडत नाही.

फेसाची युक्ती रुजली ती जर्मनीत, यात म्हणूनच नवल नाही. प्रथिनांसारख्या अनेक द्रव्यांच्या रेणूंचे एक टोक पाण्याला धरून राहते, तर दुसरे पाण्यापासून दूर जाऊ पाहते. असे रेणू हवा आणि पाणी जेथे भेटतात तेथे गोळा होतात. पाण्यातून बारीक बुडबुडे सोडले की हे रेणू त्यांना चिकटून वर जातात, फेस होतो आणि तो अरुंद गळ्यातून वाटीत सांडतो. कुजण्यापूर्वीच घाण बाहेर! खनिज वेगळे करण्यासाठी खाणधंद्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून फेसाचा उपयोग होत होता. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात, म्हणून हे यंत्र समुद्राच्या पाण्यालाच मानवते. त्याला प्रोटीन स्किमर हे नाव पडले. पुढे जिवंत खडक, प्रखर दिवे आणि स्किमर यांच्या जोडीला बर्लिन पद्धत हे नाव मिळाले, आणि समुद्रापासून दूरच्या त्या शहराचे नाव पोवळ्यांशी जोडले गेले.

आरंभीच्या यंत्रांत लाकडाच्या सच्छिद्र ठोकळ्यातून हवा सोडीत; तो ठोकळा कुजे व वरचेवर बदलावा लागे. मग वेगाने वाहणाऱ्या पाण्याने हवा ओढून घेणाऱ्या नळ्या आल्या. त्यानंतर पंपाच्या चक्रालाच सुया बसवून हवेचे बारीक तुकडे करण्याची तऱ्हा निघाली. विक्रेते आपापल्या यंत्राचे गुण भरपूर सांगतात. ग्राहकाने मात्र टाकी किती लिटरची एवढेच न पाहता तीत किती मासे आहेत व त्यांना किती खाऊ घातले जाते हे पाहावे. बुडबुडे दुधासारखे बारीक आहेत का, वाटी सहज निघते का, हे तपासावे. गळ्यावर चिकट थर बसला की फेस चढत नाही. तेव्हा जे यंत्र धुण्यास सोपे तेच अखेर उपयोगी पडते.

२००९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका विद्यापीठात अनेक स्किमरांची मोजमापे घेण्यात आली. पाण्यातील सेंद्रिय कर्बापैकी सुमारे वीस ते तीस टक्के एवढाच फेसाबरोबर निघतो आणि निरनिराळ्या बनावटींत या बाबतीत फारसा फरक पडत नाही, असे आढळले. नायट्रेट तर फेसाला चिकटतच नाही. त्यामुळे उत्तम स्किमर घेणाऱ्यालाही अधूनमधून बादलीभर पाणी उपसून नवे ओतावे लागतेच.